सैल झालेली पँट

तार आली तेव्हा मी शिलाई मशीनवर बसले होते. दादा गेला, लगेच या... एवढंच. माझा पहिला विचार असा की, तार चुकून आमच्याकडे आली. पंधराच दिवसांपूर्वी दादा अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या घरी येऊन गेला होता. त्याची पँट मीच कंबरेत दोन इंच आत घेऊन दिली होती. आज सहा आठवडे झाले, तरी मला ते खरं वाटत नाही.

धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी दादा अमरावतीला पोस्टमन म्हणून लागला. आमच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. सारी राजापेठ तो पायी हिंडायचा. तेव्हा त्याच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं. पुढे परीक्षा देऊन तो कारकून झाला, खुर्ची मिळाली, पाय थांबले आणि जेवण मात्र पोस्टमनचंच राहिलं. चार-पाच वर्षांत पोट असं सुटलं की जिना चढताना तो मध्येच थांबायचा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि दादानं ते मनावर घेतलं. पहाटे उठून बडनेऱ्याच्या रस्त्यानं तो दूरवर जाऊन यायचा. वर्षभरात कंबर जेमतेम इंचभर उतरली, पण दम लागणं थांबलं. त्यावर तो खूश होता.

या खेपेला मात्र तो आला आणि मी पाहतच राहिले. गाल बसलेले, पँट हातानं धरलेली. आल्या आल्या तीन तांबे पाणी प्यायला.

"काऊन एवढं पानी पिऊन राहिला दादा?"

"टेसनापासून पायी आलो ना, शांते! पाह्य, पुन्हा पोस्टमन झालो मी."

मी टेप लावला. दोन महिन्यांपूर्वी मीच घेतलेल्या मापापेक्षा दोन इंच कमी! शेजारणींना बोलावून मी त्याला दाखवलं. तो लाजून हसत होता...

अमरावतीला परतल्यावर पंधरा दिवसांतच तो ऑफिसात कोसळला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला. साखरेचा आजार, कित्येक महिन्यांपासून असावा, डॉक्टर म्हणाले. वहिनीनं विचारलं, "लय चालल्यानं झालं का जी?"

"नाही, बाई. चालणं चांगलंच होतं. पण चालून चरबी उतरते ती हळूहळू. खाणं तेवढंच असताना माणूस इतका झपाट्यानं वाळला, तर तपासायला आणायचं असतं."

मी वहिनीच्या मागंच उभी होते. टेप हातात घेऊन, चार बायकांसमोर, मी त्याच्या आजाराचं कौतुक केलं होतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा अमरावतीला गेले. सकाळी पाहते तर वहिनी उंबऱ्यावर बसून दादाचे कॅनव्हासचे बूट घालत होती. पुढे कापूस कोंबलेला. बाजारापलीकडे कधी एकटी न गेलेली ही बाई.

"लोक हासतीन, वहिनी."

"हासू द्या. डॉक्टरनं मलेबी चालाले सांगतलं. तुमी येता का, बाई?"

मी चप्पल घातली. बडनेऱ्याच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं ते बूट ओळखून सवयीनं हात वर केला... आणि वर वहिनीचा चेहरा पाहताच तो हात तसाच राहिला. वहिनीनंही हात वर केला. मग पदर खोचून ती पुढे चालू लागली, माझ्यापेक्षा भरभर.