पौळ उघडायची कुणी

माफी मागण्याची मला सवय आहे. बसमध्ये दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला, तरी 'माफ करा' मीच म्हणतो. अंथरुणाला पाठ टेकली की दिवसभरात कुणाशी काय बोललो याची उजळणी सुरू होते आणि बहुधा तीत चूक माझीच निघते. अशा माणसाने एका दगडी भिंतीपायी एका सज्जन डॉक्टरशी हट्ट मांडला. त्याबद्दल त्यांची क्षमा मागावी असे ठरवून मी अनेकदा बसलो. प्रत्येक वेळी सगळे पुन्हा तपासून पाहिले आणि प्रत्येक वेळी क्षमा न मागताच उठलो.

माझा मळा नाशिकहून त्र्यंबकच्या वाटेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात आहे. गाव इतके जुने की नांगराच्या फाळाला अजून कोरीव दगड लागतात. पडलेल्या देवळांचे तुकडे कुणाच्या उंबऱ्याला गेले, कुणाच्या गोठ्यात गेले, आणि पुष्कळसे मळ्यांच्या भिंतींत गेले. या भिंतीला आमच्याकडे पौळ म्हणतात. तिच्यात चुना नसतो, माती नसते. समोरासमोर रचलेल्या दगडांच्या दोन ओळी, मधल्या पोकळीत बारीक दगडांची भर, आणि कमरेच्या उंचीवर थोड्याथोड्या अंतराने एकेक लांब दगड. हा दगड या मळ्यापासून त्या मळ्यापर्यंत आरपार पोचतो आणि दोन्ही ओळींना एकमेकींपासून सुटू देत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वडील गेले आणि पेरूची बाग माझ्याकडे आली. नोकरी नाशकात, एका कचेरीत. शनिवारी दुपारनंतर बस पकडायची आणि रविवार मळ्यात काढायचा. पाऊस सरला की पौळीला कुठे ना कुठे पोट सुटलेले असे. तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागे. पलीकडच्या मळ्यातले आबा त्यांच्या बाजूने रचत, मी माझ्या बाजूने. आबा वडिलांच्या वयाचे, जिभेने तिखट. मी एखादा दगड ठेवून पुन्हा उचलला, फिरवला, परत ठेवला, की भिंतीपलीकडून आवाज येई, "भाऊसाहेब, हा दगड हाय, फाईल नाय. किती टेबलं फिरवशील त्याला?"

पण दुरुस्तीहून मोठे काम असे ते चैत्रात, देवीच्या यात्रेला. त्या दिवशी पालखी देवळातून निघून डोंगराखालच्या कुंडावर स्नानाला जाते. तिची वाट मळ्यांहून जुनी. मळे नंतर झाले, भिंती त्याहून नंतर झाल्या, वाट मात्र तीच राहिली. म्हणून यात्रेच्या सकाळी त्या वाटेवरची प्रत्येक पौळ पालखीपुरती उघडायची आणि पालखी गेली की संध्याकाळपर्यंत लावून टाकायची. ती उघडायची कुणी, हेही ठरलेले. ज्याच्या मळ्यात देवी शिरणार, त्याने. ती माझ्या मळ्यातून आबांच्या मळ्यात जाई, म्हणून आमच्यामधली पौळ आबा उघडत. वरचा दगड सगळ्यांत दूर ठेवायचा, त्याखालचा त्याच्या अलीकडे, अशा ओळी गवतावर लावत यायचे, म्हणजे रचताना जो हाताशी आहे तोच हवा असतो. लावायची मात्र दोघांनी मिळून. लांब दगड एका बाजूने ढकलला तर पलीकडे तो झेलायला, सरळ करायला माणूस लागतोच. एकट्याने तो बसत नाही.

दोन हजार सालानंतर आमच्या बाजूला शहरातली माणसे जमीन बघायला येऊ लागली. आबांचे दोन्ही मुलगे सातपूरच्या कारखान्यांत लागले होते, आबांचे गुडघे गेले होते. त्यांनी मळा विकला आणि ते धाकट्याच्या फ्लॅटवर राहायला गेले. मळा घेतला नाशकातल्या एका दाताच्या डॉक्टरांनी. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, बोलायला अतिशय गोड. पहिल्याच भेटीत त्यांनी मला घरी बनवलेल्या करंज्या आणून दिल्या आणि दुसऱ्या भेटीत विषय काढला.

"भाऊसाहेब, ही मधली भिंत आपण काढून टाकू. सिमेंटची पक्की बांधतो. तुम्हाला काहीच करायचं नाही, सगळं माझ्याकडं."

"पालखी जाते इथून," मी म्हणालो.

"ते मी गावात बोललोय. आता डांबरी रस्ता झालाय ना कुंडापर्यंत? टेम्पो सजवून देतो. म्हाताऱ्या माणसांनाही बसून जाता येईल." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का, माझी मुलगी चार वर्षांची आहे. या दगडांत परवा केवढा विंचू निघाला."

विंचवाचे खरे होते. टेम्पोचेही खरे होते. गावातल्या चार प्रमुखांनी मान डोलावली होती. समोरचा माणूस सभ्य, कारण योग्य, आणि नकार द्यायला माझ्याजवळ एका सकाळपुरत्या वाटेखेरीज काही नव्हते. अशा वेळी मी नेहमी 'बघू' म्हणतो. त्या दिवशी मी 'नाही' म्हणालो. भिंत हद्दीवर, दोघांची. माझ्या होकाराशिवाय तिला हात लावता येणार नव्हता. डॉक्टर हसून म्हणाले, "विचार करा." त्यांच्या शेडमध्ये सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्याही होत्या.

त्या चैत्रात प्रश्न उभा राहिला तो असा, की पौळ उघडायची कुणी. डॉक्टर उघडणार नव्हते. मी उघडू शकत नव्हतो. आपल्याच मळ्यातून आपणच भिंत पाडून देवीला पुढे ढकलायचे, हे आमच्याकडे कुणी केलेले नाही. यात्रेच्या सकाळी माझ्या मळ्यात शिरायची पौळ उघडून मी या मधल्या पौळीजवळ नुसता उभा होतो. देवळापुढे झेंडूच्या माळा लावलेला टेम्पो मला तिथून दिसत होता. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी खाकरले. आबा. सकाळच्या पहिल्या एसटीने आले होते. त्यांनी काठी झाडाला टेकवली आणि वरचा दगड उचलला.

डॉक्टर धावत आले. "आजोबा, अहो, हा मळा आता तुमचा नाही."

"नाय ना. पर देवीला कुणी सांगितलंय अजून? ह्या यात्रेपुरता तिच्या हिशेबी माझाच. सातबारा तुमच्यापाशीच राहू द्या डॉक्टर, मला वाचायला चष्मा नाय."

मी भिंतीच्या माझ्या बाजूला उभा राहून ऐकत होतो. मदत केली नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी नजर खाली घातली नाही, हे मला चांगले आठवते, कारण ते माझ्या स्वभावात नाही.

पालखी डांबरी रस्त्याच्या फाट्यावर आली तेव्हा तिथे टेम्पो मागचे फळकूट खाली सोडून उभा होता. भोई थांबले. तिथून माझ्या बागेतली वाट सरळ दिसते आणि तिच्या टोकाला, उघडलेल्या पौळीतून, पलीकडचे ऊन दिसत होते. कुणी काही ठरवले असे मला वाटत नाही. पुढच्या भोयाने खांदा बदलला, "चला रं," म्हणाला, आणि पालखी वळली. टेम्पो मागून रिकामा, माळांसकट, डांबरी रस्त्याने कुंडावर गेला. डॉक्टरांनी नुकत्याच लावलेल्या हिरवळीवरून सगळी यात्रा गेली.

इथवरचा हट्ट आबांचा होता. माझा पुढे सुरू झाला.

संध्याकाळी मी पौळ लावायला घेतली. आबा पलीकडे उभे राहिले. खालच्या ओळी लागल्या, भर झाली, कमरेच्या उंचीपर्यंत आलो. आता लांब दगड. आबांनी हात पुढे केले.

"आबा, राहू द्या," मी म्हणालो. "उघडणं तुमचं झालं. लावणं मालकाचं."

"आरं, तो डॉक्टर काय लावतोय!"

"नाही लावली तर राहील उघडी."

आबांनी हात मागे घेतले. "लय ताठा आला रं तुला. बाप तुझा असा नव्हता." काठी घेऊन ते शेवटच्या बसला निघून गेले. जाताना वळलेही नाहीत.

मी पौळ तशीच सोडली. आबांना तो दगड झेलू दिला असता तर भिंत त्याच संध्याकाळी पुरी झाली असती. पण पुढच्या वर्षी आबा आले नसते तर? पलीकडे हात लागतो आणि तो पलीकडच्याचाच असावा लागतो, एवढे एकदा तरी ठरायला हवे होते. असे मला तेव्हा वाटले. यात गावाची रीत किती आणि माझा अहंकार किती, हे मी आजही वेगळे करू शकत नाही. आयुष्यभर न बोललेले सगळे 'नाही' मी त्या एका भिंतीत रचले असतील, हेही शक्य आहे.

उघड्या पौळीतून दुसऱ्या दिवशी शेळ्या शिरल्या. त्यांनी डॉक्टरांची हिरवळ खाल्ली, मग निवांतपणे अलीकडे येऊन माझी लिंबाची रोपे खाल्ली. मी नाशकात कचेरीत. बातमी बायकोने गावाहून परतल्यावर दिली. "अहो, तुमच्या तत्त्वाला पाला चांगला लागतो वाटतं. शेळ्यांनी एक पान ठेवलं नाही." डॉक्टरांचे फोन आले. पहिला विनंतीचा होता, दुसरा रागाचा. मग त्यांनी आपला राखणदार पाठवला. मी त्याला चहा दिला आणि म्हणालो, "साहेबांनाच यायला सांग." तो म्हणाला, "ते नाय यायचे." मी म्हणालो, "मग शेळ्या येतील."

हे वाक्य मी उच्चारले, यावर बायकोचा अजून विश्वास नाही.

पुढच्या रविवारी डॉक्टर आले. पांढरे बूट, इस्त्रीचा शर्ट. करंज्या नव्हत्या.

"भाऊसाहेब, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्यासारख्या शांत माणसाकडून मला ही अपेक्षा नव्हती."

"मलाही नव्हती," मी म्हणालो. "पलीकडं उभे राहता का? दगड ढकलतो."

त्यांनी बाह्या वर केल्या. मी लांब दगड पहारीने सरकवत नेला, तो निम्मा गेल्यावर माझ्या हातातून त्याचे वजन सुटले आणि पलीकडून "आई गं!" ऐकू आले. बोट चिरडले होते, फार नाही. मी 'माफ करा' म्हणालो. त्या बोटाबद्दल. डॉक्टरांनी बोट तोंडात धरून दुसऱ्या हाताने दगड सरळ केला आणि मग ते वाकले. त्या दगडाचे पलीकडचे टोक कोरीव आहे. अर्धे कमळ, कुठल्यातरी पडलेल्या देवळाचे. माझ्या वडिलांच्याही आधीपासून ते आबांच्या मळ्याकडे तोंड करून बसवलेले आहे.

"हे फूल माझ्या बाजूला का?"

"माझ्या बाजूनं कधी नव्हतंच. इकडून नुसता दगड दिसतो."

उरलेली भिंत आम्ही लावली. जाताना ते म्हणाले, "सिमेंटचं मी सोडलेलं नाही हं." मी म्हणालो, "बरं."

पुढच्या चैत्रात आबा आले नाहीत. गुडघ्यांनी त्यांना जिना उतरू दिला नाही. मी सकाळपासून पौळीशी उभा होतो. टेम्पोही सजलेला होता. बऱ्याच उशिराने डॉक्टर मुलीला कडेवर घेऊन आले, तिला दूर खुर्चीत बसवले, विंचवांच्या भीतीने हातमोजे चढवले आणि वरचा दगड उचलला. ओळी लावल्या नाहीत, सगळ्याचा एक ढीग केला. मी बोललो नाही. तो मळा त्यांचा. पालखी तिथूनच गेली आणि संध्याकाळी दोघे मिळून त्या ढिगातून दगड शोधत, एकमेकांना पुरते वैतागवत, अंधार पडेपर्यंत बसलो होतो.

शेडमधल्या गोण्या दोन पावसाळ्यांत दगड झाल्या. तरी दर दिवाळीला डॉक्टर फराळ घेऊन येतात आणि निघताना सिमेंटचे विचारतात. करंज्या खूप चांगल्या असतात. मी त्या घेतो, आभार मानतो आणि आवाज न चढवता 'नाही' म्हणतो.