देवाला न चालणारी फुलं

बायको असताना आमच्या बागेत सकाळी सातनंतर एखादं फूल दिसेल तर शपथ. जास्वंद, तगर, मोगरा, पांढरी कण्हेर, जागा सापडेल तिथे तिने झुडपं लावली होती आणि उजाडलं की गल्लीतल्या बायका परड्या घेऊन हजर. मी फौजेत जन्म काढलेला माणूस. न विचारता कुणी आवारात शिरलेलं मला खपायचं नाही. पण देवाच्या फुलाला नाही म्हणायचं नसतं, असं तिने मला बजावून ठेवलं होतं.

ती गेली, तरी बायका येत राहिल्या. फुलं तोडताना चहा झाला का, पुण्याची लेक कधी येणार, असं काहीबाही विचारायच्या. मी ओट्यावरून एका शब्दात उत्तर देऊन पेपरात डोकं घालायचो.

दिवस खायला उठायला लागले तेव्हा मी बाग हातात घेतली. छावणीत साहेबांच्या बंगल्यांपुढे ऐन मे महिन्यातही रंगांनी भरलेले वाफे पाहिले होते. आपलाही वाफा तसाच करायचं ठरवलं. गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर आला तशी जुनी झुडपं सगळी उपटली आणि आष्ट्याच्या रस्त्यावरच्या नर्सरीत चार खेपा घातल्या. झाडं उंचीप्रमाणे उभी केली, दुसरं मला येतं काय? मागे राणी रंगाची बोगनवेल, तिच्या पायाशी निळा प्लंबॅगो, पुढे पिवळी घाणेरी, अगदी कडेला चिनी गुलाब. राणी रंगाशेजारी आधी केशरी बोगनवेल लावली होती. दोघींचं काही केल्या पटेना, म्हणून मध्ये पांढरी घातली. त्या पांढरीने सगळा वाफा शांत केला. कडेच्या विटांना गेरू आणि चुना मी स्वतः लावला.

यंदाच्या उन्हाळ्यात वाफा असा फुलला की रस्त्यावरच्या मोटारसायकली हळू व्हायच्या. लेकीला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

पण फाटक काही वाजेना. मी सकाळी दोन कप चहा टाकून ओट्यावर बसायचो आणि दोन्ही कप मीच प्यायचो. आपण एकटे पडलोय हे मला तेव्हा नीट कळलं. बायको गेली त्या वर्षीसुद्धा इतकं कळलं नव्हतं.

शेवटी एकदा शेजारच्या वहिनी पलीकडच्या घरातून परडी घेऊन निघालेल्या दिसल्या. माझ्या बायकोला त्या अक्का म्हणायच्या. मी फाटकाशी जाऊन विचारलं, आमच्याकडे यायचं का सोडलंत?

त्या वाफ्याकडे बघत म्हणाल्या, "लय देखणा केलाय, भाऊजी. पर ह्यातलं देवाला काय चालतंय?"

मी म्हणालो, फुलं नसली म्हणून काय झालं, नुसतं बसायला या. चहा घ्या.

त्यांनी पदर सारखा केला. "आवं भाऊजी, फुलाचं निमित्त हुतं तवर येत हुतो. अक्का बी न्हाईत आता. एकट्या बाप्याच्या दारात बाईमानसानं मोकळ्या हातानं कशाला यायचं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. इतकी वर्षं जिला मी फुलांची चोरी समजत होतो, ती माझी विचारपूस होती. आणि मी ती मुळासकट उपटून उकिरड्यावर टाकली होती.

दुपारी ऐन बहरातली राणी रंगाची बोगनवेल खणून काढली. काटे कोपरापर्यंत रुतले. नर्सरीतून जास्वंदीचं रोप आणून त्या खड्ड्यात लावत होतो, तर वहिनी भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "ह्या उनात जगायचं न्हाई ते. पाऊस पडू द्या की. एवढी कसली घाई हाय?"

मी मान खाली घालून माती लोटत राहिलो.