धुवायला काढलेली खूण

दोन्ही विमानं समोरासमोर खाली येत होती आणि मैदानावरची खूण माझ्या हातात होती, ओली. एका विमानात माझा नवरा होता. ते पूर्वेकडून उतरत होतं, दुसरं पश्चिमेकडून, दोन्ही निलगिरीच्या शेंड्याइतकी खाली. मी बादली टाकली आणि कापड डोक्यावर फिरवत मैदानात धावले. ओलं कापड फिरत नाही. अंगालाच गुंडाळतं.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. बेंगळूरच्या बाहेर रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतांमध्ये काही पैसेवाल्यांचं विमानं उडवायचं खाजगी मैदान होतं. माझा नवरा तिथे मेकॅनिक. आम्ही बेळगावकडचे. मैदानाच्या कडेला दोन खोल्या मिळाल्या होत्या. मी चौथी शिकलेली, पण तिथला मुख्य नियम मला सहा महिन्यांत कळला होता, मैदानाचा कारभार बघणाऱ्या साहेबाला शेवटपर्यंत कळला नाही.

त्या लहान विमानांत बोलायचं यंत्र नव्हतं. वरच्याला खालून काही सांगायचं तर एकच सोय, जमिनीवर अंथरलेली खूण. जाड पांढऱ्या कापडाची एक उभी पट्टी, तिच्या टोकाला एक आडवी. उभ्या पट्टीवरून आडवीकडे उतरायचं. वारा फिरला की खूण फिरवायची. ती वरून बघायची, मैदान डाव्या हाताला ठेवून वळसा घालायचा आणि मग उतरायचं, म्हणजे सगळे एकाच बाजूने, एकामागे एक येतात. बस, एवढंच. याला कॉलेज लागत नाही.

कापडाचे दोन जोड होते. धुणं माझ्याकडे. नवऱ्याने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की दुसरा जोड अंथरल्याशिवाय पहिल्याच्या खुंट्या उपटायच्या नाहीत. मी कधीच उपटल्या नव्हत्या.

त्या दिवशी चार वाजता कोणी मोठे पाहुणे येणार होते. सकाळपासून साहेब नुसता धावत होता. विमान शिकवणारा मास्तर आणि माझा नवरा दुरुस्त केलेलं विमान घेऊन वर गेले होते. ज्याने इंजिन उघडलं त्याने पहिल्या फेरीला आत बसायचं, ही तिथली रीत. मास्तर धारवाडचा, पंचविशीतला. मला अक्का म्हणायचा आणि शेंगदाण्याची चटणी हक्काने डबा भरून न्यायचा.

साहेब माझ्या दाराशी आला. खूण मळकी दिसते, पाहुण्यांच्या आत धुऊन टाका म्हणाला. मी म्हटलं, आधी दुसरा जोड द्या.

"तो कॉफीच्या टेबलावर घातलाय, अक्का. एवढं लांब पांढरं कापड आता बेंगळुरात जाऊन शिवाजीनगरहून आणू?"

"मग ही राहू द्या मळकी. वर विमान आहे."

"एकच आहे, आणि त्यात तुमचा नवरा. त्याला घरचा रस्ता सापडत नाही का?"

मागे उभा असलेला कारकून हसला. स्वल्प वेळाचं काम आहे, साहेब म्हणाला. आणि मी खुंट्या उपटल्या. खोली त्याची, नोकरी त्याच्या हातात, म्हणून उपटल्या. त्याचा राग मला आजही येतो आणि माझाही येतो.

तो मूर्ख विसरला होता की कॉफीच्या मळ्याचा एक मालक पाहुण्यांना भेटायला स्वतःचं विमान घेऊन येणार होता. आमंत्रण साहेबानेच धाडलं होतं. मळेवाला खूण बघून उतरायचा, एवढं तो पाळायचा. खूण दिसली नाही. वारा पडलेला, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी काठीला लोंबत होती. तो जवळच्या बाजूने सरळ आत आला. मास्तर सकाळी खूण होती त्याच दिशेने आला.

समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं, हाही नियम. मास्तर वळला. मळेवाल्याने विमान वर खेचलं. त्याचं चाक मास्तरच्या पंखाला लागलं. मळेवाल्याचं विमान मैदानावर आपटून नाकावर उभं राहिलं. माझ्या नवऱ्याचं विमान रागीत पडलं.

माणसं उचलून आणायला कापड हवं होतं. तेव्हा कोणीतरी टेबलावरचा जोड ओढला, कपबशांसकट. तेव्हा बरा मिळाला.

चौकशीला साहेबाने इंग्रजीत टाइप केलेला कागद पुढे केला, सही करा म्हणाला. मी म्हटलं, कन्नडमध्ये वाचून दाखवा. कारकुनाने मान खाली घालून वाचलं. मेकॅनिकच्या बायकोने कोणालाही न विचारता खूण काढली, असं लिहिलं होतं.

"टेबलाचं लिहा," मी म्हटलं. "मग सही करते."

टेबलाचं कोणी लिहिलं नाही. मी सही केली नाही. महिन्याभरात आमची खोली गेली.

दोन विमानांत तीन माणसं होती. मळेवाला वाचला. माझा नवरा वाचला, एका पायाने अधू. मास्तर वाचला नाही.