मावशीनं भाव कबूल करेपर्यंत

हिंगोलीच्या हळद मार्केटातला कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम इतका रांगत होता की ऑफिसनं मलाच तिकडं धाडलं. तिथं लिलावाच्या नोंदी करणाऱ्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघा! पन्नाशीचा, भुवयांवर हळदीची धूळ. सारखा चष्मा शर्टाला पुसायचा आणि चष्मा आणखीच पिवळा व्हायचा.

दोष मला लगेच सापडला! भाव बदलला की जुनी ओळ डेटाबेसमध्ये मेलेली पडून राहते, मग आपोआप साफ होते. पण एखादी नोंद अर्धवट उघडी राहिली की साफसफाई अडते, नोंदींचं टेबल फुगत जातं आणि प्रोग्राम मंदावतो. त्याची एक नोंद सकाळपासून उघडी होती.

“काका, बंद करा ना ती!”

“काहून? हळदवाल्या मावशीनं भाव कबूल केला न्हाई अजून. पोराला फोन लावून राहिली. बंद केली की बोली गेली, माल उद्याच्या लिलावात.”

रांगेतून कुणीतरी ओरडलं, “आमी इथंच म्हातारे व्हावं का?”

“व्हा,” तो थकून म्हणाला. “मावशी आधीच झाली.”

मला ती नोंद लॅपटॉपवरून तोडता येत होती. पण दाराशी फोन कानाला लावून उभी मावशी दिसली आणि मी हात मागे घेतला.

शेवटी ती आली. “देऊन टाक बाबा, त्याच भावात.”

“पोरगं काय म्हणलं?”

“उचललाच न्हाई त्यानं. माझी हळद हाय, मीच देते.”

“बराबर,” म्हणत त्यानं नोंद पक्की केली. माझं टेबल हलकं व्हायला लागलं. तो मात्र तसाच, खांदे पाडून, पुढच्याला हाक मारत होता.