परीक्षा विभागाची हिरवी फीत

आमच्या विद्यापीठाला मध्येच एकदा कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा पुळका आला. पुळका हाच शब्द बरोबर आहे, कारण परीक्षा विभागाच्या तळघरात उत्तरपत्रिकांच्या धुळीत आम्ही वर्षानुवर्षं खोकलो, तेव्हा कुणी साधी एक खिडकी पाडून दिली नव्हती. आता एकदम कॅन्टीनमधला वडा बंद झाला आणि मोड आलेले मूग आले. शनिवारी सकाळी सगळ्यांनी चालायचं म्हणून एकसारखे पांढरे बूट वाटले. मग रक्ततपासणी ठरली. तपासणीत सगळं ठीक निघालं तर ओळखपत्राला हिरवी फीत, जपून राहायला हवं असेल तर पिवळी आणि दवाखाना गाठायला हवा असेल तर लाल. ज्या विभागात हिरव्या फिती जास्त, त्याला ढाल.

फीत दिवसभर गळ्यात घालून फिरायचं होतं. म्हणजे कुणाच्या अंगात काय आहे ते शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना लांबूनच कळणार. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला जन्मात कधी काही दुखलं नसावं.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ उरणकडच्या एका गावातले. घरचं मिठागर होतं, ते बंदरात गेलं. बंदराच्या ट्रकांमधून वाट काढत ते रोज पनवेलला यायचे. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट, आणि निम्मा डबा आमच्यासाठीच आणलेला. त्यांना मधुमेह होता हे आमच्या विभागात सगळ्यांना ठाऊक होतं, विभागाबाहेर कुणाला नाही. त्यांच्या वडिलांनाही साखरेनंच गाठलं होतं. वडिलांचा पाय कापावा लागला, आणि नंतर गावात त्यांना कुणी नावानं हाक मारली नाही. नुसतं 'लंगडा' म्हणायचे.

"ताई, मरनाचं भ्या नाय वाटत," ते एकदा चहा पिताना म्हणाले होते. "पन कुनी आपल्याला 'बिचारा' बोललेलं आपल्याला चालत नाय."

लाल फीत म्हणजे त्यांच्यासाठी तो 'बिचारा' होता. आमच्या विभागाच्या साहेबांसाठी लाल फीत म्हणजे लेखा विभागाकडे गेलेली ढाल.

आम्ही परीक्षा विभागवाले. आम्हाला ती तपासणीही परीक्षाच वाटली. आठवडाभर आधी अभ्यास सुरू झाला. कुणी चहातली साखर सोडली, कुणी नाक दाबून कारल्याचा रस प्यायलं, एका बाईंनी तर प्रयोगशाळेत ओळख काढून नेमकं काय काय तपासणार ते विचारून घेतलं. हसण्यावारी चाललं होतं सगळं. आणि जो अभ्यास करूनही पास होणार नाही, त्याचं काय करायचं? इतकी वर्षं विद्यार्थ्यांचे जे उद्योग आम्ही पकडत आलो, तेच आम्हाला सुचले. आमच्यातला एक सडपातळ कारकून, डोंगर चढणारा, पहाटे पळणारा, तो दोनदा रक्त द्यायला बसला. एकदा स्वतःच्या नावानं आणि एकदा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांच्या. साहेबांनी मान डोलावली. विभागाच्या अब्रूचा प्रश्न होता ना!

मी त्या दिवशी भरारी पथकात होते. एका कॉलेजात बहिणीच्या जागी पेपरला बसलेली मुलगी सापडली. ती रडत होती आणि मी पंचनामा लिहीत होते. परत आले तर विभागात पेढे वाटले जात होते. तपासणीचा निकाल संध्याकाळीच लागला होता, आणि आम्ही पहिले आलो होतो. कसे आलो तेही त्यांनी मला टाळ्या देत सांगितलं.

मी पेढा खाली ठेवला. कुंपणच शेत खायला लागलं तर राखायचं कुणी, असं काहीतरी साहेबांसमोरच बोलले. साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. मग मी शेजारच्या टेबलाकडे वळले.

"तुम्ही खरी तपासणी कधी करणार?"

"ताई, रागावू नका. घरी गोळी चालू हाय. बायको रोज सकाळी हातावर ठेवते, माझ्यासमोर उभी रावते. ती सोडनार नाय मला."

ते खरंच होतं. वहिनींना मी ओळखत होते, औषधाच्या बाबतीत ती बाई कुणाचं ऐकणारी नव्हती. म्हणून मी तो विषय तिथंच सोडला.

पुढच्या शनिवारपासून चालण्याच्या रांगेत हिरव्या फितीवाले सगळ्यांत पुढे, हातात फलक घेऊन. त्यांतच शेजारच्या टेबलावरचे आमचे गृहस्थ दणदणीत घोषणा देत चालायचे. नवे बूट त्यांना चावत होते. ज्याला दुखतं तो थांबतो. साखरेनं त्यांच्या तळपायाची जाणीव कधीची बोथट केली होती, त्यांना दुखलंच नाही. अंगठ्याखाली फोड आला, फुटला, चिघळला. मोज्याला रक्त बघून कुणीतरी बोललं, तर म्हणाले, बूट नवा हाय. परीक्षांचा हंगाम ऐन भरात आला होता. ते दिवसदिवस उभ्यानं गठ्ठे लावत होते.

ताप भरला तेव्हा त्यांना एसटी स्टँडजवळच्या एका रुग्णालयात आणलं. अंगठा काळा पडला होता. आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालून पाय.

मी गेले तेव्हा ते औषधाच्या गुंगीत होते. पांघरूण एका बाजूला सपाट दिसत होतं. मला त्यांची दया आली नाही, आधी संताप आला. साहेबांचा, त्या ढालीचा आणि त्यांचासुद्धा. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या.

"ताई, मला येक सांगा," त्या म्हणाल्या. "साखर तर गेली व्हती ना? ह्येनी ती हिरवी फीत आनून दावली. बोलले, विद्यापीठानं तपासलंय, आता काय नाय. मी तवाच गोळ्या बंद केल्या. देवीची ओटी भरली. इतकी वर्सं ह्येंच्या तोंडचा गोड काढला मी, म्हनून मंग रोज कायतरी गोड करायची. तांदळाची खीर, नारळाच्या करंज्या. मंग ही परत आली कुठून? रगत तपासनाऱ्यांची चूक झाली का?"

गोळी चालू आहे, असं ते मला म्हणाले होते. घरी खरं सांगायचं तर फीत खोटी म्हणायला लागली असती, म्हणून गोळ्या बंद झाल्या तरी ते घरी खरं बोलले नव्हते. हे मला तिथं, त्या स्टुलासमोर उभी असताना कळलं.

चूक झाली म्हणणं सोपं होतं. यंत्र बिघडलं म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं. पण त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या, आणि मला ते बघवेना.

"चूक नाही झाली, वहिनी. ते रक्त यांचं नव्हतंच. दुसऱ्यानं दिलं होतं."

त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्येना म्हाईत व्हतं?"

"हो."

"मंग मी रोज खीर वाढत व्हती, तवा ह्ये जानूनशान खात व्हते?"

मला हो म्हणावं लागलं.