मुरारी फुगेवाल्याचा लाल ठिपका

कारध्याचा मुरारी घरचा ढिवर. बाप-आजे वैनगंगेत जाळं टाकून जगले. याला मात्र पहाटेच्या गार पाण्यात उभं राहायचा मनस्वी कंटाळा. विशीतच त्यानं जाळं भावाच्या गळ्यात घातलं आणि गोंदियाकडच्या एका म्हाताऱ्याकडून छर्ऱ्याची बंदूक विकत घेतली. तेव्हापासून तो मुरारी फुगेवाला. दिवाळी उलटली की आपल्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. आज मोहाडीला, परवा पवनीला, पुढं लाखनीकडं. एका अंगाला दंडारीचा नाचगाण्याचा खेळ चाललेला, दुसऱ्या अंगाला जिलेबीची कढई, आणि मधे मुरारीचा लाकडी फळा, त्यावर ओळीनं टाचलेले फुगे.

म्हाताऱ्यानं बंदुकीसोबत एक अक्कलही फुकटात दिली होती. नळीच्या टोकाला नेम धरायची लोखंडी मक्खी असते. तिला हातोडीची हलकी टिचकी मारून केसभर डावीकडं सारायची. मग माणूस कितीही डोळा बारीक करून फुग्यावर नेम धरो, छर्रा फुग्याच्या उजव्या अंगानं निघून जातो. माणूस स्वतःच्या हाताला शिव्या देतो आणि पुन्हा पैसे काढतो. मुरारीला यात काही वावगं वाटलं नाही. दूधवाला पाणी घालतो, आपण टिचकी मारतो, एवढाच त्याचा हिशोब. बायकोला, बेबीबाईला, हे ठाऊक होतं. पोरीला नव्हतं.

पोरगी म्हणजे रंजू. फळ्यामागं फुगे फुगवत लहानाची मोठी झाली. गिऱ्हाईक नसलं की बंदूक घेऊन बसायची. आधी सगळे छर्रे वाया जायचे. मग कधीतरी तिच्या हातानं आपलं आपणच वळण शोधलं. डोळा फुग्यावर, पण हात किंचित डावीकडं. हे आपण करतो याचा तिला पत्ताही नव्हता. आपण चालताना हात कसे हलवतो हे कुठं आपल्याला ठाऊक असतं? दहाव्या वर्षी तिचा एकही छर्रा फुकट जाईना.

मुरारीनं हे पाहिलं, त्याला ते कळलं, आणि त्यानं ते वापरलं. इथंच मला त्याचा राग येतो. एखादं गिऱ्हाईक कुरकुरलं, की हा लगेच हाक मारायचा, "रंजू, ये वो!" फ्रॉकमधली पोरगी फळ्यामागून यायची आणि फटाफट ओळ साफ करायची. मुरारी छाती काढून म्हणायचा, "पायलं? बंदूक वाकडी असती तं या पोट्टीनं मारले असते का? आपला हात पाहा ना भाऊ!" गावातले आनंदराव दरवर्षी यायचे, दरवर्षी हरायचे, दरवर्षी म्हणायचे, "मुरारी, तुयी बंदूक वाकडी हाये गा." आणि दरवर्षी रंजू येऊन त्यांचं तोंड बंद करायची. लोक हसायचे. पोरगी लाजायची, पण मनातून फुलायची. आपल्याला एक गोष्ट येते, साऱ्या मंडईत कुणाला येत नाही अशी येते, हे तिला त्या फळ्यासमोर कळलं होतं. दुसरं कौतुक तिच्या वाट्याला फारसं आलंच नव्हतं.

बारावी झाली आणि लाखनीकडचं एक स्थळ सांगून आलं. मुलाचा किराणा, वय जरा जास्त. रंजूनं नाक मुरडलं. "मले काम करायचं हाये," म्हणाली. काम कोणतं, ते तिलाही सांगता येईना. तेवढ्यात कुलदीपनं गेम झोन काढला.

कुलदीप म्हणजे भंडाऱ्याच्या भांडेबाजारातल्या भैय्याजींचा मुलगा. बापानं पितळेची भांडी विकून जे जोडलं त्यातून त्यानं वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडं, कारध्याच्या अंगाला, एक पडीक वावर घेतलं. त्यात टायर आणि रेतीच्या बोऱ्या रचल्या आणि एअरसॉफ्टचा खेळ सुरू केला. बंदुका अगदी खऱ्यासारख्या, गोळ्या प्लास्टिकच्या. दोन टोळ्या करायच्या आणि एकमेकांवर गोळ्या झाडायच्या. शिवाय बाजूला नेमबाजीची जागा, पत्र्याच्या चकत्या टांगलेल्या. भंडाऱ्याहून कॉलेजची पोरं गाड्या भरभरून यायला लागली.

तो स्वतः मुरारीच्या दारी आला. "काका, पोरीसुद्धा येऊन राहिल्या खेळाले. त्याइले शिकवाले पोरगीच पाहिजे. तुमच्या रंजूचं नाव सगळे घेतेत. रविवारी गर्दी असते, सगळ्याइसमोर दहा गोळ्या मारून दाखव म्हणा. जमलं तं सोमवारपासून कामावर. बंदूक माही, पण वरची रेड डॉट तुमची तुमी आणा. आमच्याकडं सारे आपापली आणतेत."

रेड डॉट म्हणजे बंदुकीवर बसवायची छोटी काच. तिच्यातून पाहिलं की एक लाल ठिपका दिसतो. ठिपका जिथं, गोळी तिथं. खरी घ्यायची तर मुरारीचं अख्खं दुकान विकावं लागलं असतं. "कॉपी घ्या काका," कुलदीप म्हणाला, "या खेळात बंदुकीले झटका नसते. कॉपी चालते. पण पाहून घ्या."

मग बापलेक मोबाईलवर डोकं लावून बसले. मुरारी एरवी पोरीला शाळेची वही घेतानाही दोन दुकानं फिरला नव्हता; या काचेसाठी त्यानं जिवाचं रान केलं. सगळ्यात स्वस्त होती ती नुसती प्लास्टिकची. एकानं तिचा व्हिडिओ टाकला होता, उन्हात धरली की ठिपका पानाच्या पिंकेसारखा पसरायचा. दुसरी रंजूला फार आवडली. मोठी उघडी काच, बाजूला हिरवा लेझर, वर कुठल्यातरी परदेशी फौजेचं नाव. "बाबा, हेच घेऊ ना. गेममधी असीच रायते."

"नाव खोटं हाये तेच्यावरचं," मुरारी म्हणाला. खोटं त्याला लगेच ओळखू यायचं. "अन् समोरून एक गोळी लागली तं काच फुटन."

शेवटी त्यानं निवडली ती एक साधी, काळी, आखूड नळीसारखी, धातूची. खाली कुणीतरी तक्रार लिहिली होती की ठिपका सरकवायचे स्क्रू फार कडक आहेत, फिरता फिरत नाहीत. ती वाचून मुरारी खूश झाला. "कडक स्क्रू म्हणजे एक खेप बसला तं हालत नाई. हेच मांगव." रंजूनं तोंड वाकडं केलं, पण मागवली. पार्सल शुक्रवारी आलं. जुन्या डब्याचं पारदर्शक झाकण कापून त्यानं काचेपुढं एक पडदा बसवला, म्हणजे गोळी लागली तरी काच शाबूत राहावी.

शनिवारी रंजू आईसोबत मोहाडीच्या मंडईत फळा सांभाळत होती. मुरारी एकटाच गेम झोनवर गेला. कुलदीपची बंदूक बाहेर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून त्यानं तिथंच रेतीच्या बोऱ्यांमधे ती घट्ट रुतवली, काच बसवली आणि एकेक गोळी मारून स्क्रू फिरवत बसला. जरा उजवीकडं, जरा खाली. दुपार गेली. शेवटी ठिपका चकतीच्या मधोमध आणि गोळीही चकतीच्या मधोमध. पुन्हा मारली, पुन्हा मधोमध. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नेम सरळ बसवला होता. त्याचे डोळे भरून आले. माझ्या पोरीच्या हातात मी सरळ बंदूक देतो, असं त्याच्या मनात आलं, आणि घरी येताना काठावर थांबून त्यानं नदीला हात जोडले.

रविवारी अर्धं कारधा जमलं होतं. भंडाऱ्याची पोरं-पोरी होती, आनंदराव तर पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत. रंजूनं ओढणी कमरेला खोचली, बंदूक उचलली, काचेतून पाहिलं आणि मारली.

चकती हलली नाही. मागच्या कापडावर डाव्या बाजूला भोक पडलं.

दुसरी गोळी, डावीकडं. तिसरी, तिच्याच शेजारी. पोरीचं बोट ट्रिगरवर गेलं की हात किंचित डावीकडं सरकत होता, जसा गेली दहा वर्षं सरकत आला होता, आणि ते त्या साऱ्या गर्दीत एकट्या मुरारीला दिसत होतं. बंदूक सरळ होती. हात त्यानं वाकडा करून ठेवला होता.

रंजू थांबली. तिनं जोर लावून हात उजवीकडं धरला, तर गोळी फार उजवीकडं गेली. मग तिचा डोळा एक म्हणे, हात दुसरं. उरलेल्या गोळ्या कुठं कुठं गेल्या. एक तेवढी चकतीच्या काठाला टिंग करून लागली, तीही नशिबानं.

"काका, तुमचा चायना माल दगा देऊन राहिला," कुलदीप सावरून घ्यायला म्हणाला. बरा पोरगा होता तो. त्यानं बंदूक घेतली आणि सहज तीन गोळ्या मारल्या. टिंग, टिंग, टिंग. कुलदीपनं ओशाळून बंदूक खाली ठेवली. मालात काही खोट नव्हती.

"फुगेवाल्याची पोट्टी फुग्यापुरतीच!" आनंदराव ओरडले. इतक्या वर्षांचं साचलेलं त्या एका वाक्यात निघालं. लोक हसले. रंजूनं बापाकडं पाहिलं. लहानपणी फळ्यामागून हाक आल्यावर पाहायची तशीच, आता काय करू, अशी.

मुरारीनं फक्त एवढंच बोलायला हवं होतं: माझी फुग्यांची बंदूक वाकडी आहे, म्हणून हिचा हात असा पडतो, तो स्क्रू जरा फिरवू द्या आणि पुन्हा पाहा. एवढ्यानं पोरगी वाचली असती. पण समोर सारी गिऱ्हाइकं उभी होती. मंडईचा हंगाम ऐन भरात होता. आणि आनंदराव होते, ज्यांना त्यानं दरवर्षी याच पोरीच्या हातानं खोटं पाडलं होतं. "तब्येत बरी नाई तिची," तो पुटपुटला आणि तिला घेऊन निघाला. कुलदीपनं बुधवारी भंडाऱ्याची एक पोरगी कामावर ठेवली.

घरी बेबीबाईनं सगळं ऐकलं. पोरगी मोरीत तोंड धुवायला गेली तशी ती दबक्या आवाजात म्हणाली, "सांगून टाका तिले. काहून जीव घेऊन राहिले तिचा?"

"अन् ते पोट्टी मंडईत कोठं बोलली तं? खाशीन काय?"

"माती खाईन," बेबीबाई म्हणाली. "तुमी बोलता का मी बोलू?"

तेवढ्यात रंजू आली. चेहरा पुसलेला, डोळे लाल. चुलीजवळ बसली. मग तिनं सरळ विचारलं, "बाबा, आपली बंदूक सरळ हाये ना?"

बेबीबाईचा हात पोळपाटावर थांबला. ती नवऱ्याकडं पाहत राहिली. तिनं बोलायला हवं होतं. तीही बोलली नाही. नवरा बोलेल, अशी तिला अजून आशा होती.

पोरीच्या प्रश्नात संशय नव्हता. असता तर कदाचित मुरारी मोडला असता. तिला नुसतं विचारायचं होतं, आणि बाप सांगेल ते धरून पुढं जायचं होतं.

"सरळ हाये बेटा," मुरारी म्हणाला. "एकदम सरळ."

रंजूनं मान हलवली. तिनं ते खरं मानलं. बाप खोटं बोलेल असं तिच्या मनातही आलं नाही. "मंग मलेच येत नोयतं," ती म्हणाली. "लोकं फुगेवाल्याची पोट्टी म्हणून कौतुक करत होते, अन् मले वाटे का मले येते."

मुरारीनं ताटाकडं पाहिलं.

रंजूनं आईच्या हातातलं लाटणं घेतलं, एक पोळी लाटली, तव्यावर टाकली. मग मागं न पाहता म्हणाली, "आई, त्या लाखनीवाल्याइले निरोप धाड. पाहाले या म्हणा."