चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

कारखान्याच्या कँटीनचा आचारी स्वतःला दिवसभर उपाशी समजायचा, पोट मात्र चांगलं सुखवस्तू होतं. सकाळपासून एकेका पातेल्यातला रस्सा तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "मीठ कमी." मीठ पडलं की पुन्हा एकदा चव. दुपारी सगळे जेवून गेले की बायकोला फोन करायचा, "अजून पोटात अन्नाचा कण नाही." खोटं बोलायचा असं नाही, त्याला खरंच तसं वाटायचं. चव बघणं म्हणजे खाणं नव्हे, हा त्याच्या धंद्याचा नियमच होता. घरीसुद्धा बायकोच्या हातचा पहिला घास घेतला की तो थांबायचा आणि चिमूटभर जे काही कमी-जास्त असेल ते बोलून दाखवायचा. "छान झालंय" हे शब्द त्याच्या तोंडून कधी बाहेर पडले नाहीत. "आचाऱ्याशी संसार म्हणजे रोज परीक्षा, आणि पास कधीच नाही," असं ती शेजारणीला सांगायची.

अलीकडे त्या सुखवस्तू पोटाला उतरती कळा लागली होती. जेवल्यावर छातीखाली जळायचं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. आणि शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं होतं, ते मात्र त्याने बायकोलाच काय, ज्यांना जळजळ दाखवली त्या डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं नव्हतं. त्याचा थोरला भाऊही आचारीच होता. "पित्त आहे रे," म्हणत त्याने दुखणं अंगावर काढलं, आणि शेवटी दवाखान्यात नेला तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून जठर बघायचं ठरवलं, तेव्हा याने घरभर नळीची भीती बोलून दाखवली. खरी भीती नळीच्या टोकाला काय दिसेल याची होती, आणि ती कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

तपासणीच्या दिवशी तो रात्रीपासून उपाशी होता. जाता जाता कोठीची किल्ली द्यायला तेवढा कँटीनमध्ये डोकावला. मग बायकोला घेऊन जीव मुठीत धरून दवाखान्यात आला.

"काका, रात्रीपासून काही खाल्लं?" सिस्टरने विचारलं.

"कण नाही."

"कवळी, हलणारा दात? कसली ॲलर्जी?"

"नाही."

"रोजच्या काही गोळ्या?"

"छे, मला कसलंच औषध नाही."

तिने त्याला खाटेवर डाव्या कुशीवर निजवलं आणि हनुवटीखाली टॉवेल सरकवला. समोर ती काळी नळी लटकत होती.

"पाण्याचा घोटही नाही ना?"

"नाही हो. मघाशी कँटीनमध्ये रश्शाची चव बघितली, तेवढीच."

सिस्टरचा हात थांबला. "चव बघितली म्हणजे? थुंकलं की गिळलं?"

"थुंकलं?" भीतीतही त्याला राग आला. "आचारी पातेल्यापाशी थुंकतो होय?"

रस्सा एकदा, मीठ टाकल्यावर पुन्हा, मग डाळ. बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं की आपण न्याहारीच उरकून आलोय.

डॉक्टरीणबाई आल्या, पण रागावल्या नाहीत. "काका, पोटात काही असलं तर नळीबरोबर ते उलटून वर येतं आणि श्वासनळीत उतरतं. जिवावर बेतू शकतं. आणि मला आतलं नीट दिसणार नाही ते वेगळंच. बरं झालं, बोललात. आता सगळ्यांत शेवटी घेते तुम्हाला."

म्हणजे आणखी वाट बघणं. बाकावर बसल्या बसल्या तो दाराकडे बघत राहिला. दार उघडायचं, एक जण आत जायचा, दुसरा डोळे पुसत बाहेर यायचा. त्याने बायकोचा पदर ओढला. "चल, घरी जाऊ. उद्या येऊ." उद्या आपण येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भावानेही असेच कितीतरी उद्या काढले होते.

"अहो, एवढ्याशा नळीला काय घाबरायचं?"

"नळीला नाही गं." त्याने पदर सोडला. "मला काळं होतंय. डांबरासारखं. बरेच दिवस झाले. दादालाही तसंच व्हायचं."

बायकोच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पण तिने एका शब्दाने बोल लावला नाही. तरातरा उठली आणि सिस्टरला हाताला धरून घेऊन आली. "हे काय सांगतायत ते ऐका आधी."

डॉक्टरीणबाईंनी मग खोदून खोदून विचारलं, रक्ततपासणीलाही पाठवलं. तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. दिवसभर उभं राहून गुडघे धरायचे, म्हणून तो दुकानातून आणून दुखण्याच्या गोळ्या खात होता, रोज, रिकाम्या पोटी.

"पण औषध नाही म्हणालात ना?"

"ती दुखण्याची गोळी. ती काय औषध?"

"तुमची चव खाण्यात मोजायची नाही, गोळी औषधात मोजायची नाही," सिस्टर म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, आणि त्याला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

दुपारी त्याची पाळी आली. झोपेचं इंजेक्शन त्याने नको म्हटलं, झोपलो तर उठणार नाही असं त्याला वाटत होतं. घशात कडू फवारा मारला आणि थोड्याच वेळात घसा आपला राहिलाच नाही. गिळतोय की नाही तेही कळेना. दातांत प्लास्टिकची कडी बसवली आणि नळी आत गेली. उमाशांवर उमासे आले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, लाळ टॉवेलवर सांडली. "गिळू नका, लाळ वाहू दे. नाकाने श्वास घ्या, सावकाश. श्वास अडत नाही, काका," सिस्टर पाठीवर हात फिरवत म्हणत होती. पोटात हवा भरून ते फुगलं. दुखत नव्हतं, पण आत कुणीतरी चालतंय हे कळत होतं. त्याने डोळे गच्च मिटले. पडद्यावर दादाचं पोट दिसेल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. डोळे उघडायच्या आत सगळं संपलंही.

"जठरात जखम आहे," डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. "गोळ्यांनी झालेली असू शकते. त्या आजपासून बंद. तिच्या कडेचे बारीक तुकडे तपासायला पाठवलेत. तुकडा काढला म्हणजे वाईटच आहे, असं नाही."

"माझ्या भावासारखं...?"

"आज मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही. रिपोर्ट येऊ दे. तोवर पुन्हा काळं झालं, रक्ताची उलटी झाली, पोटात जोरात कळ आली, तर वेळ न बघता यायचं. आणि घशातला बधिरपणा जाईपर्यंत पाणीसुद्धा नाही. चवसुद्धा नाही."

घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. घसा जागेवर आला, पाणी नीट उतरलं, तेव्हा बायकोने कोमट मऊ भात वाढला. त्याने पहिला घास घेतला आणि सवयीने थांबला. जीभ पूर्ण जागी झाली होती. भातात मिठाचा कणसुद्धा नव्हता.

बायको त्याच्याकडे बघत उभी होती.

"छान झालाय," तो म्हणाला आणि खाली मान घालून ताट रिकामं केलं.

मग ती स्वतः जेवायला बसली. घास तोंडात गेला तशी थबकली. तिने त्याच्याकडे पाहिलं, रिकाम्या ताटाकडे पाहिलं. मीठ घालायलाच ती विसरली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "इतकी भीती वाटतेय तुम्हाला?"

त्याने मान हलवली. "हो गं. फार."

ती ताटावरून उठली आणि उष्ट्या हाताने तशीच त्याच्याजवळ येऊन बसली.